चारशे पाच ग्रेन

आमच्या घरात काडतुसं मी भरत असे. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणात, कुणी हे पहिल्यांदा ऐकलं की त्यांचा घास हातातच राहतो. बटाट्याची भाजी मी केली, मोदक मी केले, आणि हरणं मारायच्या रायफलीची काडतुसंही मीच भरते, हे एका दमात पचवायला लोकांना जरा जड जातं. मॉरिसव्हिलमधली तीस-पस्तिशीतली आयटीवाली मंडळी मला काकू म्हणतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "काकू, यू मीन रिअल बुलेट्स?" खऱ्याच. खोट्या भरायला मला काय वेड लागलंय?

हे सर्जन. वायोमिंगमधल्या एका लहानशा गावात, वीस खाटांच्या हॉस्पिटलात, यांनी सगळी नोकरी काढली. तिथल्या एका म्हाताऱ्या गुराख्याचं फुटलेलं अपेंडिक्स यांनी ऐन हिमवादळात काढलं. बरा झाल्यावर त्याने आपली रायफल यांच्या हातात ठेवली आणि ती चालवायलाही शिकवलं. पंचेचाळीस कॅलिबरची, जुन्या पद्धतीची, मोठ्या तोंडाची. अस्वलाला आणि गव्याला भारी पडेल अशी ती बंदूक, आणि हे तिने हरणं मारायला लागले. मी म्हटलं, "अहो, हरणाला एवढी कशाला?" तर म्हणे, एका गोळीत काम झालं पाहिजे, जनावराला कळतासुद्धा कामा नये. सर्जनचाच विचार तो.

मी सांगलीची, रसायनशास्त्रातली एम.एस्सी. त्या गावात माझ्या शिक्षणाला विचारणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी घरात बसून भिंतींशी बोलायला लागले होते. मग त्या गुराख्याच्या बायकोने मला तिच्या गॅरेजमध्ये नेलं आणि काडतूस भरायला शिकवलं. वापरलेली पितळी नळी स्वच्छ करायची, प्रेसमध्ये घालून पुन्हा मापात आणायची, बुडात ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, वरून तोलून दारू घालायची आणि तोंडाशी शिशाची गोळी दाबून बसवायची. त्या बाईकडे छोटासा तराजू होता. तो पाहिला आणि मला अक्षरशः रडू आलं. दोन वर्षांत मी तराजूला हात लावला नव्हता.

या कामात सगळं ग्रेनमध्ये मोजतात. आमच्याकडे सराफ पूर्वी सोनं गुंजेने तोलत, तेव्हा एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन झाले. यांची गोळी होती चारशे पाच ग्रेनची, म्हणजे चांगली दोन तोळ्यांहून जड. सुरुवातीपासून तीच. मी प्रत्येक खेप वहीत लिहायची: नळी कितव्यांदा वापरली, दारू किती, गोळी किती, किती काडतुसं भरली. प्रयोगशाळेत लागलेली सवय. त्या वहीत मी कधी एक आकडासुद्धा अंदाजाने लिहिला नव्हता. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाहीये, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आणखी एक सांगायला हवं. हे डावखुरे आहेत. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून मार खाल्ला, म्हणून जेवतात तेवढे उजव्याने. बाकी सगळं डाव्याने. रायफल डाव्या खांद्याला लावतात. चाळीस वर्षं चाकू धरला तो डाव्याच हातात, आणि त्या हाताचा यांना फार अभिमान. बोलून कधी दाखवला नाही, पण बोटांना कोल्ड क्रीम लावताना बघावं. मी माझ्या दागिन्यांनासुद्धा इतकं जपलं नाही.

मुलगी नॉर्थ कॅरोलायनात स्थिरावली म्हणून रिटायर झाल्यावर आम्ही मॉरिसव्हिलला आलो. येताना रायफल आली, माझा प्रेस आला, तराजू आला. आणि हे इथल्या एका मोफत दवाखान्यात दर गुरुवारी जायला लागले. ज्यांच्याकडे विमा नाही अशा लोकांच्या गाठी काढायच्या, जखमा शिवायच्या, नखं काढायची. मोठं काही नाही. पण गुरुवारी सकाळी हे गाणं गुणगुणत दाढी करायचे आणि बाकी सहा दिवस नाही, यावरून काय ते समजा. तिथेच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मानेवरची गाठ यांनी काढली. त्याचं तासाभराच्या अंतरावर सोयाबीनचं शेत, कडेला जंगल. "डॉक, कम हंट," म्हणाला तो. दर नोव्हेंबरला यांची शिकार तिथे ठरलेली झाली.

मागच्या वसंतात हे किराणा आणायला गेले आणि दुकानातच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा छातीत डाव्या बाजूला पेसमेकर बसलेला होता. डावखुऱ्या नेमबाजाला तो उजवीकडे बसवता येतो म्हणे, पण बेशुद्ध माणसाला कोण विचारणार, आणि मलाही तेव्हा कुठलं सुचायला? हृदयाचा डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाचा. त्याने स्पष्ट सांगितलं, "सर, नो बिग रायफल्स ऑन दॅट शोल्डर." धक्क्याने आतली तार सरकू शकते, यंत्रालाच इजा होऊ शकते. हे "हो, हो" म्हणाले. डॉक्टरसारखा वाईट पेशंट जगात नाही. उजव्या खांद्याला लावून पाहिली एकदा. कागदालासुद्धा गोळी लागली नाही. पुन्हा डावा खांदा.

ऑक्टोबरमध्ये हे नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आले. गेल्या वर्षीची तीन काडतुसं उरली होती, ती झाडली. कागद घरी आणून गॅरेजच्या भिंतीवर लावला. तिन्ही भोकं वाटीच्या बुडाखाली झाकता येतील इतकी जवळ, अगदी मधोमध. "बघ," म्हणाले, "म्हातारा अजून आहे." मीही खूश झाले. का नाही होणार?

दोनच दिवसांनी नरक चतुर्दशी होती. मी दर दिवाळीला यांना तेल-उटणं लावते, वायोमिंगमध्ये उणे वीस असतानाही लावलं आहे. सदरा काढला आणि माझा हात तसाच राहिला. डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत जांभळं-काळं झालं होतं, आणि त्या काळ्याच्या मधोमध पेसमेकरचा उंचवटा. तीन गोळ्यांचं हे फळ. उटण्याचा हात मी तेवढा भाग सोडून फिरवला, आणि तेव्हाच माझ्या मनात आलं ते आलं.

इथे मला मिठाचं सांगावं लागेल. पंधरा वर्षांपूर्वी यांचं ब्लड प्रेशर वाढलं. "मीठ कमी करा" म्हटलं असतं तर यांनी मिठाची बरणी टेबलावर आणून ठेवली असती, असा स्वभाव. म्हणून मी बोललेच नाही. आमटीतलं मीठ दर महिन्याला चिमूटभर कमी करत गेले. वर्षभरात निम्म्यावर आलं, यांना पत्ता नाही. उलट पाहुण्यांना सांगतात, हिच्या हातची आमटी चाळीस वर्षांत बदलली नाही. मी खाली मान घालून हसते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी असेच संसार केले आहेत. नवऱ्याला सांगायचं नाही, त्याच्या ताटात करायचं. भांडण वाचतं, मान राहतो आणि माणूसही जगतो. मला ते शहाणपण वाटायचं.

तर मी गोळी हलकी करायचं ठरवलं.

त्याच कॅलिबरच्या तीनशे ग्रेनच्या गोळ्या वायोमिंगहून आलेल्या एका डब्यात पडून होत्या. गोळी शंभर ग्रेनने हलकी आणि दारूही बरीच कमी केली तर धक्का जवळपास निम्म्यावर येतो. मी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडून पाहिलं. काडतूस बाहेरून पाहिलं तर फरक कळत नाही, गोळी बहुतेक आतच असते. हे मैदानावर पुन्हा जाणार नव्हते. नेम तपासून झाला होता, कागद भिंतीवर होता. मी तेरा काडतुसं भरली. डब्यावर चिठ्ठी लावली: चारशे पाच. वहीत लिहिलं: चारशे पाच. जुनाच दारूचा आकडा लिहिला. लिहिताना पेन अडलं, नाही असं नाही. पण त्यांच्या खांद्यावरचं ते जांभळं डोळ्यांसमोर होतं. तेरा काडतुसांच्या त्या खेपेपुढे मी तारीख घातली आणि वही मिटली.

गोळी कुठे लागेल, हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. मी आयुष्यात रायफल खांद्याला लावलेली नाही. माझं काम तराजूपाशी संपायचं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हे शेतावर गेले. दुपारी परत येतात ते संध्याकाळी आले. गाडीतून उतरले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा राखेसारखा. मला वाटलं छातीत दुखतंय. "अहो, काय झालं? हॉस्पिटलला जायचं का?"

"काही नाही गं. पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर बाहेरच्या पायरीवर बसून सांगितलं. शेताच्या कडेला हरीण आलं होतं. सत्तर-ऐंशी पावलांवर, आडवं उभं, निवांत. याहून सोपा नेम नाही. यांनी बार काढला, हरीण खाली बसलं आणि पुन्हा उठलं. पुढचा पाय गुडघ्यापासून लोंबत होता. तीन पायांवर जंगलात गेलं. शेतकरी आणि हे चार तास रक्ताच्या थेंबांमागे फिरले. पुढे दलदल लागली, पाण्यात थेंब संपले. एवढी वर्षं शिकार केली, यांचं एकही जनावर जखमी होऊन सुटलं नव्हतं.

"हात हलला माझा," हे म्हणाले.

"असं कसं? हात नाही हलत तुमचा."

"ऐन वेळी हलला. आणि कळलंसुद्धा नाही मला. धक्काही जाणवला नाही, खांदा दुखला नाही. काही लागलंच नाही हाताला. त्या बाजूची जाणीवच गेली असणार." असं म्हणून त्यांनी डावा हात पुढे धरला आणि एखाद्या परक्याचा असावा तसा बघत बसले.

धक्का जाणवला नाही, कारण तो मी काढून घेतला होता. हे मला तेव्हाच कळलं. पण नेम माझ्यामुळे चुकला हे अजून कळलं नव्हतं, शप्पथ. मला वाटलं, चुकला असेल, वय झालंय. तेवढ्या एका संध्याकाळी मीही त्यांच्या हातावर शंका घेतली. त्याची लाज मला अजून वाटते.

शेतकऱ्याचा त्याच संध्याकाळी फोन आला, डॉक कसे आहेत म्हणून. हे अंघोळीला गेले होते. तो म्हणाला, जमिनीवर पोटाकडचे पांढरे केस सापडले मॅम, म्हणजे गोळी खाली लागली, पोटाच्या कडेला खरचटून पायात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा एखाद्याने हलकी गोळी वापरली तर?" तो हसला. अशा मोठ्या रायफलीत हलकी गोळी आणि थोडी दारू घातली तर बार खालीच जाणार, म्हणाला. जड गोळीच्या धक्क्याने बंदुकीची नळी वर उचलली जाते, ते धरून नेम बसवलेला असतो. धक्का कमी, तर नळी कमी उचलते. गोळी बदलली की नेम पहिल्यापासून बसवायचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. डॉकला तर असतंच असतं.

डॉकना ठाऊक होतं. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की गोळी बदलली आहे. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिले.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. अंघोळ करून आले की समोर बसवून सांगायचं. पण ते आले ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार. ते हरीण तिथेच असेल. त्याला तसं ठेवून चालणार नाही." आणि माझ्या डोक्याने भलताच उपाय काढला. हे पुन्हा जाणार, त्याच डब्यातलं काडतूस घालणार, पुन्हा खाली लागणार. तसं झालं तर हा माणूस उरणार नाही. निदान नेम तरी खरा बसू दे, खांद्याचं नंतर बघू.

रविवारी हे झोपले होते तेव्हा दुपारी मी उरलेली बारा काडतुसं उघडली. गोळ्या ओढून काढल्या, दारू बदलली, चारशे पाच ग्रेनच्या गोळ्या बसवल्या. एकूण एक, वहीतल्या आकड्यांप्रमाणे. सोमवारी काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जाऊन तीनशे ग्रेनच्या सगळ्या गोळ्या डब्यासकट देऊन आले. घरी येताना मला हलकं वाटत होतं. खोटं घरातून गेलं असं वाटत होतं.

घरी आले तर हे फोनवर होते. दवाखान्याला सांगत होते की गुरुवारी येणार नाही. पुढच्याही नाही. कुठल्याच नाही. "माय हँड इज नॉट सेफ एनीमोअर," असं म्हणाले, शांतपणे, पेशंटचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. बुधवारी शेतकऱ्याला बोलावून रायफल देऊन टाकली. ते हरीण दिसलं तर तेवढं बघ, एवढंच त्याला सांगितलं. तो नको नको म्हणत होता. यांनी ती स्वतः त्याच्या ट्रकमध्ये नेऊन ठेवली.

मी मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती किंचाळलीच. "आई! यू हॅव टु टेल हिम. टुडे."

"सांगते गं. पण कसं सांगू?"

"जस्ट से इट! व्हाय डू यू ऑल्वेज डू दिस?"

तरी धीर व्हायला रविवार उजाडला. त्या गुरुवारी सकाळी यांनी दाढी केली नव्हती, तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत.

रविवारी चहाच्या वेळी मी सांगितलं. तेल लावताना पाहिलेला खांदा, तीनशे ग्रेन, कमी दारू, शेतकऱ्याने फोनवर सांगितलेलं सगळं. "हात तुमचा नाही हलला हो. गोळी माझी हलकी होती. तुमचा नेम अगदी बरोबर होता." बोलता बोलता मी रडायलाच लागले. वाटलं, आता चिडतील. चिडावं अशी माझी फार इच्छा होती. कप आपटावा, चार दिवस अबोला धरावा, काहीही करावं.

हे हसले. फार मायेने हसले.

"अगं," म्हणाले, "नातेवाइकांना मी आयुष्यभर हेच शिकवत आलो. पेशंटला सांगा, तुझी चूक नव्हती. औषधाची होती, मशीनची होती, कुणाचीही होती. तू मलाच ते सांगतेस?"

"अहो, खरं सांगतेय मी!"

"वही आण बरं."

मी वही आणली. माझ्या अक्षरात, माझ्या तारखेने, चारशे पाच. "खोटं लिहिलं होतं मी," म्हटलं. "तू?" म्हणाले, "वहीत?" आणि पुन्हा हसले. गेल्या चाळीस वर्षांचं माझं खरं माझ्या विरुद्ध उभं राहिलं. मग डबा आणला. त्याच्यावरही चारशे पाच. मी म्हटलं, हे मी नंतर बदललं, मागच्या रविवारी. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती रचलेलं वाटतंय.

"चल, उघडून बघू," ते म्हणाले. माझं समाधान व्हावं म्हणून, त्यांचं नाही. गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी एक काडतूस घेतलं, ओढायच्या यंत्रात लावलं, डाव्या हाताने दांडा ओढला. गोळी निघाली. ती चिमट्याने उचलून त्यांनी तराजूच्या बारीक ताटलीत ठेवली, काठाला न लागता, ताटली जराही न हलवता. आकडा आला: चारशे पाच.

मी आकड्याकडे बघतच नव्हते. "तुमचा हात बघा," मी जवळजवळ ओरडले. "बघा ना! कुठे हलतोय? आणि तो कागद बघा भिंतीवरचा!"

"तो ऑक्टोबरचा आहे," ते म्हणाले. "आणि घरी नाही हलत. तिथे हलला. दवाखान्यात कुणाच्या मानेवर हलला तर?"

"मुलीला विचारा. तिला मी सांगितलंय सगळं."

"तुम्हा दोघींचं बोलणं झालेलंच असणार."

दाखवायला रायफल नव्हती, ती मीच ट्रकमध्ये जाताना पाहिली होती. हलकी गोळी नव्हती, ती मीच देऊन आले होते. मग मी शेवटचं काढलं. म्हटलं, "मी अशी आहे हो. मी न सांगता करते. पंधरा वर्षं तुमच्या आमटीत मी निम्मं मीठ घालतेय."

यावर तर ते मोठ्याने हसले, कितीतरी दिवसांनी. "आता मात्र कमाल झाली," म्हणाले. "आमटी तर होती तशीच आहे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून घरात गेले. मी तिथे गॅरेजमध्ये उभी, समोर तराजू, त्यावर ती गोळी.

सोमवारी मी आमटी केली. पंधरा वर्षांपूर्वी घालत होते तेवढं मीठ घातलं, मोजून, पूर्ण चमचा. यांच्या प्रेशरला ते विष आहे हे मला ठाऊक आहे. एक घोट, म्हटलं, फक्त एक घोट घेऊ देत. जीभ तरी साक्ष देईल. ते म्हणतील, हे काय केलंस, आणि मी म्हणेन, हेच ते पूर्वीचं मीठ, आता तरी पटलं का? मग गोळीचंही पटेल, मग गुरुवारी दाढी करतील. सकाळपासून मी ही वाक्यं मनात घोकत होते.

ताट वाढलं. यांनी वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि थांबले. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मी ओळखला. वाईट बातमी सांगण्याआधी पेशंटच्या बायकोकडे बघायचे तो.

"मीठ जरा जास्त पडलं का गं?"

"तेच पूर्वीचं आहे," मी म्हटलं. "काल सांगितलं ना तुम्हाला, तेच. निम्मं नाही, पूर्ण. पटलं ना आता?"

त्यांनी वाटी ताटात ठेवली. मग म्हणाले, "असू दे. अंदाज चुकतो या वयात. माझा चुकला, तुझा चुकला. त्यात काय एवढं? पुढच्या महिन्यात चेकअपला जाऊ तेव्हा तुझंही दाखवून घेऊ."

"अहो, नाही हो. द्या ती वाटी इकडे, पिऊ नका."

मी वाटी ओढायला हात पुढे केला. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ती डाव्या हाताने उचलून बाजूला घेतली. अजून जवळजवळ काठापर्यंत भरलेली वाटी, थेंबभरसुद्धा सांडली नाही. आणि ती सगळी आमटी, शेवटच्या घोटापर्यंत, ते माझ्यासमोर बसून प्यायले.